‘थ्रेशरचा पट्टा द्या’ म्हणणं बंद करा

मुलचेऱ्यात पट्टा म्हटलं की आधी वनहक्काचा पट्टा आठवते. तो मिळवायला लागतात त्या चपला वेगळ्या. आज बोलतो ते रबराच्या पट्ट्यावर, म्हणजे मशीनच्या व्ही-बेल्टवर. काही शे रुपयांची वस्तू, पण धानाचं पुंजणं बांधीत उभं, वर आभाळ भरलेलं आणि पट्टा चुकीचा असला, तर वर्षभराची मेहनत त्या रबरावर लटकते.

यंदा माझ्याकडे हेच झालं. जुना पट्टा घासून गुळगुळीत, नंबर पुसलेला. दुकानात गेलो आणि आपण सगळे म्हणतो तेच म्हणालो, ‘थ्रेशरचा पट्टा द्या.’ दुकानदारानं जुना पट्टा घेतला, बाहेरून टेप फिरवला, सव्वापंचाहत्तर इंच आलं, आणि बी-75 हातात दिला. मीही घेतला. घरी येऊन चढवला तर ढिला. इंजिन मागे सरकवत सरकवत पट्टीच्या टोकाला गेलं, तरी ढिलाच. ड्रमात पेंढी टाकली की इंजिन फिरते, ड्रम मंदावते, रबर जळल्याचा वास. तणस उचलून पाहिलं तर लोंबीला दाणे तसेच. म्हणजे माझं धान माझ्याच बैलाच्या गोठ्यात चाललं होतं.

मिस्त्री म्हणाला, ‘राळ टाका, चालून जाते.’ या ‘चालून जाते’वर माझा सगळा राग आहे. राळेनं तासभर चिकटते, नंतर धूळ-भुसा धरून पट्टा आणखी खराब होते.

आता चूक कुठे झाली ते ऐका. पट्ट्यावरचं अक्षर म्हणजे त्याची जाडी-रुंदी. ए म्हणजे वरून 13 मिलिमीटर रुंद आणि 8 जाड. बी म्हणजे 17 आणि 11. सी म्हणजे 22 आणि 14. अक्षरापुढचा आकडा म्हणजे आतल्या बाजूची लांबी, इंचात. आतली! माझ्या दुकानदारानं बाहेरून मोजलं आणि तोच आकडा आतला म्हणून दिला. बी पट्ट्यात बाहेरची लांबी आतल्यापेक्षा पावणेतीन इंच जास्त भरते, ए मध्ये 2 इंच. त्यातही जुना पट्टा ओढून लांबलेला असते. सव्वापंचाहत्तरातून पावणेतीन काढा, मला हवा होता बी-72.

म्हणून जुना पट्टा मोजूच नका, मशीन मोजा. इंजिन पट्टीच्या मधल्या जागी आणा, दोन्ही पुलींच्या काठावरून न ताणणारी दोरी गुंडाळा, दोरी टेपला लावा, बी असेल तर पावणेतीन आणि ए असेल तर 2 इंच वजा करा. त्याच्या जवळचा नंबर मागा. मिलिमीटरवाला पट्टा मिळाला तर आकड्याजवळचं अक्षर पाहा. एलआय म्हणजे आतली लांबी, एलपी म्हणजे मधल्या रेषेची. बी-72 वर एलआय 1829 येते आणि एलपी 1872. आकडे दोन, पट्टा एकच.

खाचही पाहा. पट्टा खाचेच्या तळाला टेकता कामा नये, तो दोन बाजूंच्या भिंतींना पकडून ओढते. तळ चकाकत असेल तर पट्टा बारीक झाला किंवा पुलीच खाल्ली गेली. बी च्या पुलीत ए घातला की तो खाली बसून घसरणारच, कितीही ताणा. आणि ताणता ताणता बेरिंग जाते, ती पट्ट्याहून महाग.

दोन खाचांची पुली असेल तर दोन्ही पट्टे एकदम बदला, एकाच कंपनीचे. नवा-जुना जोडला की नवा एकटा ओझं ओढते आणि आठवड्यात तोही जुना.

काही जण म्हणतील, आता हार्वेस्टर येते, थ्रेशरचं रडगाणं कायले? ज्याच्या बांध्या लहान, जमीन ओली, आणि ज्याच्या जनावरांना तणस पाहिजे, त्यानं काय करायचं ते सांगा मग. इकडे असे कास्तकार कमी नाहीत.

दुकानदाराला मी चोर म्हणत नाही. त्यालाही कोणी शिकवलं नाही. माझं भांडण आहे मशीन बनवणाऱ्यांशी. लाल-निळा रंग चढवता, मालकाच्या नावाएवढं मोठं नाव छापता, मग पट्ट्याचा नंबर जाळीवर ठोकायला काय हात दुखतात? मशीनसोबत जे पुस्तक येते त्यात हे पान नसेल तर ते पुस्तक चूल पेटवायला बरं. धोकादायक यंत्रांचा 1983 चा कायदा आहे, त्यात पॉवर थ्रेशर नाव घेऊन आहे. कारण हात गेलेत लोकांचे. ढिला पट्टा चालू मशीनवर काठीनं दाबणारा पोरगा मी यंदाही पाहिला. जाळी काढलेली, बाजूला पेंढ्या देणाऱ्या बाईचा पदर वाऱ्यावर. चुकीचा पट्टा माणसाला तिथं उभं करते.

आणि कृषी सहायक, तज्ज्ञ मंडळी, तुम्हालाही म्हणतो, राग मानू नका. शेतीशाळेत झिंक सांगता, बियाणं सांगता, तुडतुडा सांगता. चांगलंच आहे. पण शेतातला दाणा घरात येतो तो मळणीतून. दोरी आणि टेप घेऊन पुलीपाशी एक अर्धा तास घाला. अनुदानाचं मशीन तपासायला येता तेव्हा पट्ट्याचा नंबर विचारा, विकणाऱ्याला लिहून द्यायला लावा.

माझं म्हणाल तर बी-72 चे दोन आणले, बिलावर नंबर लिहून घेतला. इंजिन पुढे सरकवून पट्टे चढवले, पेचकसानं उचकटले नाहीत, तसं केलं की आतले धागे तुटतात. दोन-तीन तास चालवून, मशीन बंद करून पुन्हा ताण पाहिला, कारण नवा पट्टा थोडा बसते. उरलेलं पुंजणं पाऊस यायच्या आधी निघालं. पहिल्या दिवशीच्या तणसातलं धान मात्र गेलं ते गेलं, कोंबड्या खूश आहेत.

जाळीवर ऑइल पेंटनं लिहून टाकलं : बी-72, 2 नग. शेजारच्या मशीनवर अजून काही लिहिलेलं नाही, उद्या दोरी घेऊन तिकडे जातो.