भाडे येते किती आणि उरते किती?

मुलचेरा, आष्टी, आलापल्ली, अहेरी या पट्ट्यात शिक्षक, तलाठी, आरोग्य कर्मचारी आणि बँकेतील बदलीवर आलेली मंडळी हे पूर्वापार भाडेकरू. 2021 मध्ये सुरजागडच्या लोहखाणीत उत्खनन नव्याने सुरू झाले, पुढे चामोर्शी तालुक्यातील कोनसरी येथे लोहप्रकल्प उभा राहिला आणि अभियंते, वाहतूक व्यावसायिक, यंत्रचालक यांची त्यात भर पडली. साहजिकच दुकानातील शिल्लक काढून भाड्याची दोन घरे बांधावीत, हा विषय आपल्या व्यापारी कुटुंबांत निघू लागला आहे. विचार वावगा नाही. परंतु त्याचा हिशेब बहुधा अपुरा मांडला जातो. 'महिना नऊ हजार भाडे येईल' या वाक्यावर चर्चा संपते. खरे तर ती तिथून सुरू व्हावयास हवी.

व्यापाऱ्याला एक गोष्ट मुद्दाम शिकवावी लागत नाही. उधारीवर माल गेला की खतावणीत नफा दिसतो, पण संध्याकाळी गल्ला रिकामाच असतो. नफा वेगळा आणि रोकड वेगळी. घराच्या बाबतीत मात्र हेच शहाणपण आपण दुकानात ठेवून येतो. भाड्यातून सर्व खर्च, घर टिकवण्यासाठी लागणारा पैसा आणि कर्जाचा हप्ता वजा केल्यावर जी रक्कम आपण मनाप्रमाणे वापरू शकतो, तिला मोकळी रोकड म्हणावे. वित्तव्यवहारात तिलाच 'फ्री कॅश फ्लो' म्हणतात.

हा हिशेब मोठ्या प्रमाणावर कसा मांडतात, हे पाहण्यासाठी अमेरिकेकडे वळावे लागते. तिथे स्वतंत्र, बैठी घरे विकत घेऊन कुटुंबांना भाड्याने देणाऱ्या कंपन्या शेअर बाजारात नोंदलेल्या आहेत. 2008 नंतर घरांच्या किमती कोसळल्या तेव्हा मोठ्या भांडवलदारांनी अशी घरे हजारोंनी खरेदी केली. 2012 मध्ये ब्लॅकस्टोनच्या भांडवलावर उभी राहिलेली 'इन्व्हिटेशन होम्स' ही त्यांतील प्रमुख कंपनी. 2017 मध्ये ती न्यूयॉर्कच्या बाजारात नोंदली गेली. आज तिच्याकडे 80,000 हून अधिक घरे आहेत.

ही कंपनी दरवर्षी प्रति शेअर दोन आकडे जाहीर करते. पहिला 'कोअर एफएफओ', म्हणजे भाड्यातून चालू खर्च आणि व्याज गेल्यावर राहणारी रक्कम. यात घसारा धरलेला नसतो. दुसरा 'एएफएफओ'. पहिल्या रकमेतून छप्पर, वातानुकूलन यंत्रणा, फरशी अशा पुन्हा पुन्हा कराव्या लागणाऱ्या भांडवली कामांचा पैसा वजा केला की हा आकडा मिळतो. 2022 मध्ये हे आकडे 1.67 आणि 1.41 डॉलर होते. 2023 मध्ये 1.77 आणि 1.50, तर 2024 मध्ये 1.88 आणि 1.60 डॉलर.

या आकड्यांतून दोन गोष्टी दिसतात. मोकळ्या रोकडीकडे नेणारा आकडा तीन वर्षे वाढत गेला, ही पहिली. दुसरी अधिक महत्त्वाची: तिन्ही वर्षी पहिल्या रकमेतील सुमारे 15 टक्के पैसा पुन्हा घरांतच गेला. भाडे वाढले म्हणून घराची भूक कमी झाली नाही. शिवाय 2023 मध्ये फ्लोरिडा व जॉर्जिया या राज्यांत मालमत्ता कर अपेक्षेपेक्षा अधिक वाढल्याने खर्चाची बाजू जड झाली. एवढ्या मोठ्या कंपनीलाही भाडे ठरवता येते, पण कर ठरवता येत नाही.

आता आपल्याकडे परत येऊ. उदाहरणादाखल, जागेसह 18 लाख रुपयांत एक घर उभे राहिले आणि 9,000 रुपये भाडे ठरले असे धरू. वर्षाचे 1,08,000 झाले. म्हणजे 6 टक्के. भाडेकरू बदलताना एक महिना घर रिकामे राहिले की 99,000 उरतात. घरपट्टी व पाणीपट्टीचे 3,000 आणि किरकोळ दुरुस्तीचे 12,000 वजा करावेत. आपला जिल्हा भरपूर पावसाचा आणि वाळवीचा. गळती, रंग, चौकटी, पंप यांसाठी वर्षाला 15,000 बाजूला ठेवावेतच. शिल्लक राहिली 69,000. सहा टक्क्यांचे चारही उरले नाहीत, आणि आयकर अजून बाकी आहे.

आयकर कायदाही घरपट्टी वजा जाता उरलेल्या भाड्यावर 30 टक्के सरसकट वजावट देतो. भाड्याचा मोठा हिस्सा घरच खाते, याची ही एक प्रकारे कबुलीच आहे.

याच घरासाठी 10 लाखांचे कर्ज 9 टक्के दराने 15 वर्षांसाठी घेतले, तर मासिक हप्ता सुमारे 10,143 रुपये, म्हणजे वर्षाला सुमारे 1,21,700 रुपये होतो. 69,000 वजा केले तरी 52,700 रुपये दरवर्षी दुकानाच्या गल्ल्यातून भरावे लागतील. हप्त्यातील मुद्दल हा खर्च नव्हे, ती आपलीच मालमत्ता होते, हे मान्य. परंतु धानाच्या हंगामात माल भरण्यासाठी रोकड हवी असते, तेव्हा घराची एक खोली मोडून घाऊक व्यापाऱ्याचे देणे फेडता येत नाही. धंदा चांगला असूनही खेळते भांडवल विटा-सिमेंटमध्ये अडकल्याने अडचणीत आलेली खाती बँकेतील नोकरीत अनेकदा पाहावयास मिळत.

कंपनी आणि आपण यांत आणखी एक भेद आहे. तिच्या हजारो घरांतील काही रिकामी राहिली तरी बाकीची घरे भार उचलतात. आपले एकच घर रिकामे झाले की उत्पन्न शून्य होते. शिवाय सर्व भाडेकरू एकाच खाणीवर किंवा प्रकल्पावर अवलंबून असतील, तर तिथले काम मंदावताच घरे एकाच वेळी रिकामी होतील. म्हणून खाणीतील नोकरदाराबरोबर सरकारी कर्मचारीही भाडेकरू असावा.

आपल्या भागात जमिनीची चौकशी तर पहिल्या पायरीवरच हवी. आदिवासी खातेदाराची जमीन शासकीय परवानगीशिवाय बिगर-आदिवासी व्यक्तीकडे जाऊ शकत नाही. भोगवटादार वर्ग-2 च्या जमिनीलाही हस्तांतरणाचे निर्बंध असतात. सातबारा न वाचता केलेल्या बांधकामात रोकड तर अडकतेच, मूळ रक्कमही धोक्यात येते.

पुढील वहीपूजनाच्या वेळी घराचे एक स्वतंत्र पान उघडावे. त्यावर आलेले भाडे, घरावर झालेला खर्च व राखीव रक्कम, आणि हप्ता वजा जाता उरलेली रोकड असे तीन आकडे लिहावेत. भाडेकरूची अनामत या पानावर उत्पन्न म्हणून येऊ नये. ते देणे आहे, गल्ल्यात मिसळू नये. सलग तीन वर्षांचे आकडे शेजारी मांडले म्हणजे कल आपोआप दिसतो. तिसरा आकडा वाढत असेल तर दुसऱ्या घराचा विचार खुशाल करावा. भाडे वाढूनही तो आकडा तिथेच राहत असेल, तर वाढ कुठे मुरते ते शोधावे. आणि तो दरवर्षी उणे येत असेल, तर घर दुकानाला पोसत नसून दुकान घराला पोसत आहे. तसे करायचे की नाही, हा निर्णय कुटुंबाने एकत्र बसून, आकडे समोर ठेवून घ्यावा.