खुर्चीला ‘शी’ का म्हणत नाहीत?

म्हैसूरमध्ये अनेक मराठी कुटुंबे राहतात. घरात मराठी, दारात कन्नड आणि शाळेत इंग्रजी, अशी तिथल्या मुलांची तिहेरी कसरत चालते. भारतीय भाषांच्या अभ्यासासाठी केंद्र सरकारने 1969 साली भारतीय भाषा संस्था स्थापन केली, तीही याच शहरात.

निबंधात मुलाने खुर्चीला ‘शी’ आणि पंख्याला ‘ही’ म्हटले, की वहीत लाल रेघ उमटते आणि घरी बोलणी बसतात. पण आपले चुकले कुठे, हे त्याला उमगत नाही. कारण त्याचे मराठी बरोबरच असते. तो पंखा, ती खुर्ची, ते टेबल : मराठीत निर्जीव वस्तूंनाही लिंग असते आणि सर्वनाम त्याप्रमाणे बदलते. इंग्रजीत पुरुष ‘ही’, स्त्री ‘शी’ आणि वस्तू ‘इट’. इथे म्हैसूरच्या मुलाला कन्नड उपयोगी पडते. कन्नडमध्येही पुरुष ‘अवनु’, स्त्री ‘अवळु’, पण खुर्ची आणि पंखा दोन्ही ‘अदु’!

क्रियापदाची गंमत आणखी वेगळी. मराठीत ‘आलीस का?’ एवढे विचारले, तरी समोर एकच मुलगी किंवा बाई आहे, हे कळते. क्रियापदच सारे सांगते, म्हणून ‘तू’ गाळला तरी चालते. इंग्रजी ‘केम’ मात्र मी, तू, तो, ती, ते सर्वांना सारखेच. कोण आले, हे सर्वनामानेच सांगावे लागते. म्हणून ते गाळून चालत नाही.

मग क्रियापद कधीच बदलत नाही, असे समजून मूल ‘ही गो’ लिहिते. मराठीत जातो, जातोस, जातात अशी कितीतरी रूपे. इंग्रजीच्या साध्या वर्तमानकाळात, ‘अ‍ॅम, इज, आर’ सोडल्यास, बदल उरतो तो एकाच ठिकाणी. करणारा तिसरा आणि एकटा असेल, तर ‘गो’चे ‘गोज’ होते.

पालकांनी यासाठी घरातलीच वाक्ये घ्यावीत. ‘जेवलो’, ‘येते हं’, ‘झोपली का?’ यांत लपलेला ‘मी’ किंवा ‘ती’ मुलाला शोधू द्यावी आणि मगच इंग्रजी करायला सांगावे. मातृभाषा इंग्रजीच्या आड येते, असे म्हणण्यापूर्वी तिचीच मदत घेऊन पाहावी. आपल्या भाषेचे नियम मुलाने नकळत आत्मसात केलेले असतात. ते त्याला दाखवून दिले, की लाल रेघेची भीती कमी होते.