गोड बोलणारा बाबा गोष्टीत कधी येणार?

नववीच्या वर्गात विचारलं, भोंदू बाबा ओळखायचा कसा? "लाल डोळे, लांब जटा, मॅडम!" आणि आपल्या गल्लीतला? वर्ग गप्प.

चूक मुलींची नाही. आपल्या किशोरकथांमधला बाबा पहिल्या पानापासून खलनायक असतो. शेवटी एखादा हुशार मुलगा त्याची हातचलाखी उघडी पाडतो. पण माणूस ताब्यात घेणं हातचलाखीने होत नाही, ते सावकाश होतं आणि सुरुवात चांगली असते. आमिल आधी परीक्षेसाठी दुआ करतो, पैसे घेत नाही. मग घरातल्या भांडणांची चौकशी करतो. मग म्हणतो, हे अम्मीला सांगू नकोस, असर जाईल. मुलगी तिथे एकटी पडते. कादंबरी लिहायची तर ती या वाक्याच्या आधीच्या दिवसांची.

1994 मध्ये जळगावातलं ते प्रकरण बाहेर आलं तेव्हा मी शाळेत होते. आधी ओळख, मग फोटो, मग फोटोंची धमकी. घरात मी आले की मोठी माणसं विषय बदलायची. आम्हाला कळलं ते इतकंच की बाहेर फिरायचं नाही. कुणी धमकी दिली तर कुणाला सांगायचं, हे कुणीच सांगितलं नाही.

डॉ. दाभोलकरांच्या खुनानंतर 2013 मध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला. तो आमिलांनाही लागू आहे (हे आपल्याकडे अजून सांगावं लागतं). पण कायदा गुन्हा घडल्यावर येतो.

आणि आपलं घर? मुरीद मुरशिदाच्या हातात असा असावा, जशी गस्सालाच्या हातात मय्यत, असं आपण ऐकत आलो. सूफींनी ते नफ्सबद्दल म्हटलं होतं. पंधरा वर्षांच्या मुलीला ते जसंच्या तसं ऐकवणं मला धोक्याचं वाटतं.

2014 मध्ये कल्याणची चार शिकलेली मुलं इराकला गेली. चर्चा खूप झाल्या. पण ती मुलं तिथवर टप्प्याटप्प्याने कशी पोचली, हे सांगणारी किशोर कादंबरी मराठीत किंवा उर्दूत माझ्या हाती लागलेली नाही. धुळ्याची एक शिक्षिका मैत्रीण म्हणाली, "असं लिहिलं तर कौमची बदनामी होईल." अगं, 1994 मध्ये त्या मुलींना याच शब्दाने तर गप्प ठेवलं होतं.

ही कादंबरी आपल्यातल्याच कुणीतरी लिहावी. पहिल्या प्रकरणात तो माणूस मलाही आवडायला हवा. त्याने माझ्यासाठीही दुआ करावी, आणि मला बरं वाटावं.