मेलेले कासव आणि शाळेतला धडा

पावसाळ्यात कोकण किनाऱ्यावर मेलेले कासव वाळूला लागले की गावात लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, ट्रॉलरवाल्यांनी मारले. दुसरा म्हणतो, म्हातारे असेल, मेले. शाळेतली पोरे तेच ऐकतात. कोणीतरी खड्डा खणून कासव पुरतो. कारण कळलेले नसते, पण मत मात्र पक्के झालेले असते.

शेतकरी बंधूंनो, हा प्रकार आपल्याला नवा नाही. भाताचे पान पिवळे पडले की लगेच युरिया फेकणारे आपल्यात कमी आहेत का? पान नत्राच्या कमतरतेने पिवळे पडते, जस्ताच्या कमतरतेने पडते, पाणी साचूनही पडते. पिवळे पान ही खूण आहे, कारण नव्हे. कासवाचेही तसेच आहे.

आता ठाऊक काय आहे ते पाहू. आपल्याकडे अंडी घालायला येणारी कासवे मुख्यतः ऑलिव्ह रिडले जातीची. ती फुफ्फुसाने श्वास घेतात, म्हणून जाळ्यात अडकून फार वेळ पाण्याखाली राहिली तर गुदमरतात. जानेवारी २०२५ मध्ये चेन्नईच्या किनाऱ्यावर शेकडो रिडले मेलेली सापडली. संशय ट्रॉलरच्या जाळ्यांवर गेला आणि शवविच्छेदनात गुदमरल्याच्या खुणा दिसल्या. तपासणी झाली म्हणून संशयाला बळ आले.

पण किनाऱ्यावरची मोजणी म्हणजे समुद्रातल्या मरणाची मोजणी नव्हे. मेलेले कासव बहुधा आधी बुडते, कुजून फुगले की वर येते, मग वारा आणि प्रवाह नेतील तिकडे जाते. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनाजवळ १९९० च्या दशकात झालेल्या अभ्यासाचा अंदाज होता, की हिवाळी मासेमारीत मेलेल्या कासवांपैकी ७ ते १३ टक्केच किनाऱ्याला लागतात. आपल्याकडे पावसाळ्यात वारा समुद्राकडून येतो. तेव्हा ओंडके, तुटकी जाळी, कासवे सगळेच किनाऱ्याला लागते. २०२४ मध्येही १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना बंदी होती. मग त्या दिवसांत लागलेले कासव जाळ्यात मेले, वाहून आलेल्या तुटक्या जाळ्यात अडकले, की आजाराने गेले? नुसते बघून सांगता येत नाही.

हेच मुलांना शिकवायला हवे. गुरुजींनी वहीत तीन रकाने पाडून घ्यावेत: काय पाहिले, काय अंदाज केला, काय अजून ठाऊक नाही. ‘मानेला जाळ्याचा दोर आहे’ हे पहिल्या रकान्यात. ‘जाळ्याने मेले’ हे दुसऱ्यात. ‘दोर मरण्याआधी अडकला की नंतर’ हे तिसऱ्यात. मच्छीमारांना सांगून पन्नास क्रमांकित लाकडी ठोकळे खोल पाण्यात सोडावेत. किती परत येतील याचा अंदाज मुलांनी आधी लिहावा, मग मोजावे. ठोकळा म्हणजे कासव नव्हे, हेही त्यांना सांगावे.

यात गावाचा फायदा काय? पुराव्याशिवाय दोष दिला की मच्छीमार बोलायचा बंद होतो, आणि खरी माहिती तर त्याच्याकडेच असते. जाळे कापून कासव जिवंत सोडणाऱ्या मच्छीमाराला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना राज्याने २०१८ मध्ये सुरू केली, ती त्याला विश्वासात घेण्यासाठीच. उलट, ‘नक्की ठाऊक नाही’ म्हणून हात बांधून बसणेही बरोबर नाही. पावसाचा अंदाज शंभर टक्के खरा नसतो, तरी आपण त्यावर पेरणी करतोच ना?

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना एवढीच विनंती, की कासव पुरण्याची घाई करू नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने ते संरक्षित आहे, आधी वनखात्याला कळवा. मुलांना हात लावू देऊ नका. तारीख, जागा, वाऱ्याची दिशा, अंगावरच्या खुणा एका वहीत लिहा, फोटो काढून ठेवा. दोन-चार पावसाळ्यांची अशी वही असेल, तर गावातल्या भांडणाला निदान काही आधार तरी राहील.