घोड्याची किंमत कोण ठरवतं?

मुलांनो, गणिताच्या पुस्तकात एक उदाहरण हमखास असतं. एका घोड्याची किंमत २४,००० रुपये, तर ७ घोड्यांची किती? तुम्ही पटकन गुणाकार करता, १,६८,००० लिहिता आणि मोकळे होता. आमच्या चौथीच्या वर्गात मात्र एका मुलाने हात वर केला आणि विचारलं, "पण गुरुजी, सातही घोडे सारखेच कसे?"

प्रश्न बरोबर आहे की नाही? साबणाच्या वडीवर किंमत छापलेली असते. घोड्याच्या पाठीवर कुठे असते?

चला तर, आज घोड्यांच्या बाजारात एक फेरी मारू. महाराष्ट्रात घोड्यांचे बाजार बरेच भरतात, त्यातले दोन फार नावाजलेले. एक नंदुरबार जिल्ह्यात, तापीच्या काठी सारंगखेड्याला, दत्तजयंतीच्या यात्रेत. दुसरा आपल्या मराठवाड्यातला, नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यातल्या माळेगावला, खंडोबाच्या यात्रेत. (नाशिककडचं मालेगाव वेगळं बरं का!) दोन्ही यात्रा मार्गशीर्षातल्या, ऐन थंडीतल्या.

बाजारात जाणकार गिऱ्हाईक आधी रंग बघत नाही. ते घोड्याचे ओठ वर करून दात बघतं. 'धर्माची गाय आणि दात का गं नाय' ही म्हण तुम्ही ऐकली असेल. फुकट मिळालेल्या गाईचे दात मोजू नयेत, पण विकत घ्यायच्या जनावराचे मोजायलाच हवेत. कारण घोड्याचा जन्मदाखला त्याच्या तोंडातच असतो.

घोड्याला पुढचे दात वर सहा आणि खाली सहा. शिंगराचे दात दुधाचे असतात, तुमच्या धाकट्या भावंडांसारखेच. अडीच वर्षांच्या सुमाराला मधली जोडी पडून तिथे पक्के दात येतात, साडेतीनला तिच्या शेजारचे, साडेचारला कडेचे. पाचव्या वर्षी तोंड भरतं. या पक्क्या दातांच्या माथ्यावर काळसर खड्डे असतात. चारा चावून चावून ते झिजतात. खालच्या मधल्या दातांचे खड्डे साधारण सहाव्या वर्षी बुजतात, शेजारच्यांचे सातव्या, कडेच्यांचे आठव्या. पाच ते दहा-बारा वर्षांचा घोडा म्हणजे ऐन उमेदीतला, त्याला भाव जास्त. पुढे मात्र वय वाढेल तसा भाव उतरत जातो.

आणि जिथे भाव असतो तिथे लबाडीही येतेच. म्हाताऱ्या घोड्याच्या दातावर कोरून, डागून खोटे खड्डे पाडायचे आणि त्याला तरुण म्हणून विकायचं, ही युक्ती फार जुनी आहे. पण दातांचा आकार कसा बदलणार? तरुण घोड्याच्या दाताचा माथा लांबट-गोल असतो, उतारवयात तो त्रिकोणी होत जातो आणि दात पुढे झुकतात. जाणकार तिथेच लबाडी पकडतो.

दातांनंतर पाय. घोड्याला कडक जमिनीवर दुडक्या चालीने पळवून बघतात. त्यात एक गंमत आहे. पुढचा एखादा पाय दुखत असेल, तर तो पाय टेकताना घोडा डोकं वर उचलतो, म्हणजे दुखऱ्या पायावर भार कमी पडावा. तोंडाने बोलत नसला तरी मानेने सांगतो बिचारा! असा लंगडा घोडा कितीही देखणा असो, त्याचा भाव कोसळतो. मग खुरं बघायची, भेगा आहेत का, तळवा चांगला आहे का. डोळे बघायचे, श्वास ऐकायचा. ग्लँडर्स नावाचा एक वाईट रोग घोड्याला होतो. तो माणसालाही लागू शकतो आणि त्यावर लस नाही. म्हणून रक्त तपासल्याचा दाखला मागणं शहाणपणाचं.

मग उंची. ती डोक्यापासून मोजत नाहीत. मान संपून पाठ सुरू होते तिथल्या उंचवट्यापासून जमिनीपर्यंत मोजतात. बाजारात ती इंचांत सांगतात आणि साठीच्या वर एकेक इंच वाढला की मालकाची मान आणखी ताठ होते!

जातीलाही किंमत असते. मारवाडी आणि काठियावाडी घोड्यांचे कान आत वळलेले असतात, टोकाला टोक भिडेल असे. आपल्या दख्खनचा भीमथडी घोडा त्यांच्याहून बुटका, पण चिवट आणि काटक. मराठ्यांच्या फौजांनी असल्याच घोड्यांवर मुलुख पालथा घातला. ज्यांना उंच, शानदार घोडे हवे असत, ते अरबस्तान आणि इराणहून मागवत. ते जहाजाने चौल, दाभोळ, गोवा अशा बंदरांत उतरत. वाटेत काही मरत, म्हणून उरलेल्यांची किंमत चढे. आपलं संभाजीनगर १६१० साली मलिक अंबरने वसवलं, तेव्हा त्याचं नाव होतं खडकी. त्या काळात घोडा म्हणजे नोकरीच म्हणा ना. सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर आणि स्वतःचा घोडा आणणारा तो शिलेदार. घोडा मेला की शिलेदाराची रोजीरोटीच धोक्यात यायची.

आज घोडा लढाईला जात नाही, पण कामावरून भाव ठरतो तो अजूनही. वरातीला पांढराशुभ्र, गुलाबी कातडीचा नुकरा हवा असतो, आणि बँड वाजला, फटाके फुटले तरी न बुजणारा. माथेरानला मुलांना पाठीवर घेऊन फिरणारा घोडा देखणा नसला तरी चालेल, शांत मात्र हवाच. रेवाल चालीचा, म्हणजे स्वाराला धक्का न देता भरभर जाणारा घोडा शौकिनांना हवा. शिकवलेल्या घोड्याला जास्त पैसे पडतात, कारण त्यात शिकवणाऱ्याची वर्षं मोजलेली असतात.

आता मला खटकणारी गोष्ट सांगतो. बाजारात घोड्याच्या अंगावरचे भोवरे बघतात. गळ्यावरचा 'देवमण' भोवरा शुभ, म्हणून भाव वाढला. दुसरा एखादा 'चुकीच्या' जागी दिसला की तो अशुभ, म्हणून भाव पडला. दात उत्तम, पाय उत्तम, स्वभाव गरीब, तरी गिऱ्हाईक पाठ फिरवतं. केस ज्या दिशेने उगवतात त्याने भोवरा होतो, तुमच्या डोक्यावर असतो तसाच. डोक्यावर दोन भोवरे असलेल्या मुलाला दोन लग्नांवरून चिडवतात, पण तेवढ्यावरून त्याचे मार्क कुणी कमी करत नाही! भोवऱ्याचा खरा उपयोग निराळाच आहे. प्रत्येक घोड्याचे भोवरे वेगळे, म्हणून परदेशात घोड्याच्या ओळखपत्रात त्यांच्या जागा नोंदवतात. पंचकल्याणीचंही तसंच. चार पाय आणि कपाळ पांढरं असलं की घोडा रुबाबदार दिसतो, हे मान्य. पण म्हणून तो जास्त पळत नाही.

जनावरांच्या बाजारात रुमालाखाली हात धरून बोटांनी बोली सांगायची जुनी रीत आहे. शेजाऱ्याला आकडा कळत नाही. ज्याला दातही कळत नाहीत आणि बोटंही, तो तिथे फसतो. आणखी एक. 'यात्रेत कोटीचा घोडा' अशी बातमी तुम्ही वाचली असेल. ती बहुधा मालकाने सांगितलेली किंमत असते. सांगितली म्हणजे मिळाली असं नव्हे. गिऱ्हाईक रोख मोजून देतं, ती किंमत.

आई-बाबांनो, तुमच्या घरीही 'घोडा घेऊ या' असा हट्ट सुरू झाला तर थोडं गणित घालायला लावा. ४०० किलोचा घोडा रोज ८ ते १० किलो वाळका चारा-दाणा खातो, म्हणजे वर्षाला ३,००० किलोंच्या आसपास, कधी त्याहून जास्त. खुरं आपल्या नखांसारखी वाढतात, म्हणून दर दीड-दोन महिन्यांनी नालबंद बोलवावा लागतो. मोतद्दार, तबेला, डॉक्टर वेगळे. 'नालेसाठी घोडं' घेणारा माणूस नेमका हाच हिशेब विसरतो.

आता लग्नसराईत वरात दिसली की एवढं करा. घोड्याचे कान भिडतात का, पांढरे पाय किती, चालताना डोकं झटक्याने वर जातं का, ते बघा. बाजूने बघा, मागून जाऊ नका, कारण थेट मागचं घोड्याला दिसत नाही आणि दचकला तर तो लाथ मारतो. घोड्याचं वय किती असेल याचा अंदाज बांधा आणि मग मोतद्दाराला विचारा. तोंडात हात मात्र त्यालाच घालू द्या!