दोघी नवशिक्या, एक वही

दोस्तांनो, विलेपार्ल्याहून एका मैत्रिणीचं पत्र आलंय. तिला आणि तिच्या वर्गमैत्रिणीला पक्षी बघायचेत. पण कावळा, चिमणी, कबुतर यांच्यापुढे दोघींची गाडी जात नाही. कुणी जाणकार भेटेपर्यंत थांबावं का, असं ती विचारते.

मुळीच थांबू नका! १९०८ सालची गोष्ट ऐका. मुंबईतल्या एका मुलानं छर्‍याच्या बंदुकीनं एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कुठली चिमणी? मामांनाही सांगता येईना. म्हणून मामांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवलं. तिथले सचिव मिलार्ड यांनी चिमणी ओळखलीच, शिवाय पेंढा भरलेले कितीतरी पक्षी दाखवले. तो मुलगा म्हणजे पुढे जगप्रसिद्ध झालेले पक्षितज्ज्ञ सलीम अली. मामांनी काहीतरी ठोकून दिलं असतं तर? (बंदूक मात्र नको हं! वही-पेन्सिल पुरे.)

आता तुमच्या पार्ल्यातच या. सकाळी एखाद्या वड-पिंपळापाशी उभ्या राहा. टुक्, टुक्, टुक्... तांब्याच्या भांड्यावर हातोडी पडावी तसा आवाज आला, की समजा तांबट आलाय. चिमणीहून जरासाच मोठा, अंगानं हिरवा, कपाळ लाल, गळा पिवळा. पण दिसेल तर शपथ! हिरव्या पानांत तो मिसळून जातो आणि ओरडताना मान इकडेतिकडे वळवतो. आवाज कुठून येतोय तेच कळत नाही. इथे मैत्रीण उपयोगी पडते. एक झाडाच्या या बाजूला, दुसरी त्या बाजूला. दोघींनी आवाजाच्या दिशेनं हात करायचा. दोन्ही दिशा जिथे मिळतील, तिथे नजर लावायची.

भांडणंही होतील. एक म्हणेल, "काळाकुट्ट होता!" दुसरी म्हणेल, "छे, तपकिरी, अंगभर पांढरे ठिपके!" दोघींचेही डोळे शाबूत असतात बरं का. कोकीळ नर काळा, मादी ठिपक्यांची, आणि डोळे दोघांचेही लाल. म्हणून आधी आपापलं वर्णन लिहा, मग पुस्तक उघडा. पुस्तक आधी उघडलं की डोळे पुस्तकातलंच बघू लागतात.

वहीत तारीख, वेळ आणि झाड लिहायला विसरू नका. तांबट वाळक्या फांदीत चोचीनं कोरून ढोली करतो, तिच्यातच अंडी घालतो. नेमक्या अशाच फांद्या पावसाळ्याआधी छाटल्या जातात. वरच्या गोल भोकाकडे कोण बघतंय? तुमच्या वहीत ते भोक असेल, आईबाप चोचीत खाऊ घेऊन आत शिरताना दिसले असतील, तर करवत लागण्याआधी वही घेऊन दोघी सोसायटीच्या सेक्रेटरीकाकांकडे जा. पिल्लं उडेपर्यंत तेवढी एक फांदी ठेवा, म्हणावं.

आणि हो, मला कळवा काका काय म्हणाले ते.