बाई पाठमोऱ्या का उतरल्या?

मुलांनो, तुमच्या बाईंना किंवा गुरुजींना पाठमोऱ्या पायऱ्या उतरताना कधी पाहिलंय? नाही ना? आमच्या शाळेतल्या मुलांनी पाहिलं, दोन आठवड्यांपूर्वीच्या मंगळवारी. आमची शाळा जरा उंचावर आहे आणि मैदान खाली. मध्ये फक्त सात पायऱ्या. एरवी मी त्या भरभर उतरते. त्या दिवशी मात्र कठड्याला धरून, मैदानाकडे पाठ करून, एकेक पाय हळूच खाली सोडत उतरले. सगळी पोरं फिदीफिदी हसली. पहिलीतल्या एका पठ्ठ्याने तर लगेच माझी नक्कलही करून दाखवली!

हसा, तुम्हीही हसून घ्या. मग सांगते.

त्याचं असं झालं, त्याआधीच्या रविवारी मी सातारा हिल हाफ मॅरेथॉन पळाले. ही शर्यत २०१२ सालापासून होते. साताऱ्यातून निघायचं, यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या रस्त्याने पुढे जाऊन वळायचं आणि त्याच घाटाने खाली यायचं. एकूण २१ किलोमीटर आणि वर थोडे मीटर. चढताना माझा लोहाराचा भाता झाला होता. कितीतरी जण मला मागे टाकून गेले. पण उतार लागला आणि काय सांगू! पाय आपोआपच पळायला लागले. मघाशी पुढे गेलेल्यांपैकी वीसेक जणांना मी गाठलं. मनात म्हटलं, ही तर फुकटची कमाई!

रविवारी संध्याकाळी मी अगदी ठणठणीत. सोमवारी सकाळी मांड्या जरा जड वाटल्या. आणि मंगळवारी? बसले तर उठवेना, उठले तर बसवेना. गंमत म्हणजे पायऱ्या चढायला फारसा त्रास नव्हता. उतरतानाच जीव जात होता.

हे असं का होतं? माळ्यावरून धान्याचं पोतं दोरीने खाली सोडताना कुणी पाहिलंय का? दोरी हातातून सुटत असते आणि त्याच वेळी आपण ती आवळूनही धरतो. हाताला चटका बसतो तो तेव्हाच. आपल्या मांडीचंही तसंच. चढताना मांडीचा स्नायू आखूड होतो आणि आपल्याला वर ढकलतो. उतरताना मात्र तो लांब होत असतानाच ब्रेक लावत असतो. हे काम त्याला फार जड जातं. त्याच्या बारीक तंतूंना डोळ्यांना दिसणार नाही इतकी छोटी छोटी इजा होते. मग शरीर दुरुस्तीला लागतं, थोडी सूज येते आणि दुखायला लागतं. हे सगळं व्हायला वेळ लागतो. म्हणून दुखणं साधारण १२ ते २४ तासांनी सुरू होतं आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असतं. पुष्कळ मोठी माणसं अजूनही सांगतात, ‘पायात लॅक्टिक आम्ल साठलंय.’ त्यांना खुशाल सांगा, ते पळणं थांबल्यावर तास-दोन तासांतच निघून जातं. मंगळवारपर्यंत कशाला थांबेल ते?

आता त्या सात पायऱ्यांकडे परत येऊ. सगळे हसले म्हटलं खरं, पण एक मुलगी हसली नाही. सातवीतली आमची पळणारी. तिच्या कंपासपेटीच्या झाकणाला आतून ललिता बाबर यांचं चित्र चिकटवलेलं आहे. माहीत आहेत ना? आपल्या सातारा जिल्ह्यातल्या, माण तालुक्यातल्या मोहीच्या. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावून त्यांनी दहावा क्रमांक मिळवला. आडवे ओंडके आणि पाण्याचे खड्डे ओलांडत पळायचं, ती शर्यत. तर आमच्या या मुलीची तालुक्याची शर्यत त्याच शनिवारी होती.

सगळी मुलं मैदानात पळाल्यावर ती पायऱ्या उतरली. कठड्याला धरून, एक पाय खाली, मग दुसरा त्याच्याजवळ. हुबेहूब माझ्यासारखी. पण ती काही घाट उतरून आलेली नव्हती!

मी तिला बाजूला घेतलं. “कुठे दुखतंय?” म्हटलं.

“कुठंच नाही, बाई.”

“अगं, माझंही दुखतंय. हे बघ, इथे.” मी दोन्ही तळहात दोन्ही मांड्यांवर फिरवले. “आता तू दाखव.”

तिने तळहात फिरवला नाही. एकच बोट, उजव्या गुडघ्याच्या वाटीच्या बरोबर खाली, जिथे हाडाला छोटासा उंचवटा असतो तिथे ठेवलं. मी हलकेच दाबलं तर तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

मुलांनो, हा फरक नीट लक्षात ठेवा. दमलेल्या स्नायूचं दुखणं पसरट असतं, बहुधा दोन्ही पायांना सारखं असतं आणि आठवडाभरात जातं. एकाच जागी, बोट ठेवून दाखवता येईल असं दुखत असेल आणि पळालं की वाढत असेल, तर ते लपवायचं नाही. घरी सांगायचं. आणि तेही मलाच आधी शिकायला हवं होतं. कारण आदल्या आठवड्यात ही मुलगी पळता पळता थांबली होती, तेव्हा मीच ओरडले होते, “थोडं दुखणारच. पळ!”

बुधवारी तिच्या आईबरोबर आम्ही दवाखान्यात गेलो. “पोरगी घरात कायबी बोलली न्हाई ओ बाई,” असं आई वाटेत दोनदा म्हणाली. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, हिचं वाढीचं वय आहे. मांडीच्या मोठ्या स्नायूचा पट्टा वाटीवरून येऊन नडगीच्या हाडाला जिथे चिकटतो, ती जागा या वयात अजून कच्ची असते. पळताना, उड्या मारताना तिथेच पुन्हा पुन्हा हिसका बसतो आणि ती सुजते. याला ऑसगुड-श्लाटर असं भारी नाव आहे. घाबरण्यासारखं काही नाही, वाढ पुरी झाली की बहुतेकांचं थांबतं. पण दुखणं उतरेपर्यंत पळणं आणि उड्या बंद.

“आणि शनिवारी?” तिने विचारलं. डॉक्टरांनी मान हलवली.

येताना ती माझ्याशी एक शब्दही बोलली नाही. मी म्हटलं, “मागच्या आठवड्यात मी चुकले गं.” तिने नुसतं खिडकीबाहेर पाहिलं.

माझा आठवडा मात्र सोपा होता. बुधवार-गुरुवार सपाट रस्त्यावर अर्धा तास चालणं. पोटभर भाकरी, उसळ, अंडी. पळताना पायांतला साखरेचा साठा संपतो, तो भाकरी-भातातून भरून येतो आणि उसळ-अंड्यांतून दुरुस्तीचा माल मिळतो. आणि झोप! गाढ झोपेत शरीराची दुरुस्ती जोरात चालते. म्हणून रात्री नऊला दिवा बंद. (तुम्हाला तर माझ्याहून जास्त झोप लागते. ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास, त्याहून मोठ्यांना ८ ते १०. टीव्ही आणि मोबाईलवाल्यांनो, ऐकताय ना?) शुक्रवारी वीस मिनिटं सावकाश पळाले, तेही सपाटीवर. घाटाकडे बघितलंसुद्धा नाही. या दुखण्याची एक चांगली गोष्ट आहे, दुरुस्त झालेला स्नायू पुढचे काही आठवडे तसाच उतार जास्त सोसतो. म्हणजे मी महिन्याभरात पुन्हा घाट उतरले, तर मंगळवारी एवढी फजिती होणार नाही.

शनिवारी ती मैदानावर येईल असं मला वाटलं नव्हतं. पण आली. गंभीर चेहऱ्याने माझ्यापुढे हात केला. मी गळ्यातलं स्टॉपवॉच काढून दिलं. आमच्या दुसऱ्या मुलीची शर्यत सुरू झाली तशी ही दोरीला टेकून प्रत्येक फेरीची वेळ वहीत लिहीत होती आणि मधूनच ओरडत होती, “हळू! आत्ताच जोर लावू नकोस!” ती मुलगी चौथी आली. वही पाहून मी थक्क झाले. दुसरी फेरी पहिलीपेक्षा ११ सेकंद हळू, शेजारी बाण काढून लिहिलेलं, ‘इथे दमली’.

सोमवारी मी सातही पायऱ्या सरळ तोंडाने उतरले. पहिलीतला पठ्ठ्या निराश झाला. ती कठड्याला धरून उभी होती.

“बाई, तुमचं गेलं. माझं कधी जाणार?”

“थोडे आठवडे लागतील म्हणाले ना डॉक्टर.”

तिने जरा विचार केला. “मग तोवर घड्याळ माझ्याकडंच राहू दे,” म्हणाली आणि एकेक पायरी उतरत मैदानात गेली.